वाया जाणारे पहिले दोन फोटो

रोल मागे न गुंडाळताच कॅमेऱ्याचं झाकण उघडायची चूक शिकाऊ माणूस आयुष्यात एकदाच करतो. काळेपांढऱ्यांनी ती धंद्याच्या चाळिसाव्या वर्षी केली, तीही भरदुपारी, स्टुडिओच्या पायरीवर, लख्ख उन्हात.

काळेपांढरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पोटासाठी ते पासपोर्टचे फोटो काढत आणि जिवासाठी रस्त्यावरच्या माणसांचे: चपला शिवणारा, किल्ल्या घासणारा, गिऱ्हाईक नसलं की स्वतःच्याच खुर्चीत घोरणारा न्हावी. रंगाचं नाव नाही. कुणी म्हणालं, "रंगीत काढा की," तर उत्तर ठरलेलं, "रंग तुम्ही घरी जाऊन भरा." बायको म्हणे, "आपल्या लग्नाचे फोटो दुसऱ्यानं काढले ते बरं. मला हिरवा रंग शोभायचा, याला पुरावा तरी आहे."

समोरचा इस्त्रीवाला त्या दिवशी दुकान कायमचं बंद करून संध्याकाळच्या गाडीनं लेकीकडे राहायला निघाला होता. सकाळीच येऊन म्हणाला, "माझा कामावरचा एक फोटो काढून दे रे. कोळशाची इस्त्री म्हटलं, की नातवंडांना वाटतं आजोबा कपडे भाजायचे." काळेपांढऱ्यांनी जवळजवळ अख्खा रोल त्याच्यावर खर्च केला. दुपारी इस्त्रीवाल्याचं टेबल विकत घेणाऱ्यानं ते हातगाडीवर चढवून नेलं, कोळसे विझले, आणि त्यानंतर इकडे झाकण उघडलं.

"अहो, तोंड का असं झालंय?" बायकोनं विचारलं.

"उघडला."

"काय?"

"कॅमेरा. रोलसकट."

"मग आता त्याला काय देणार? पासपोर्ट साइज?"

तरीही त्यांनी अंधाऱ्या खोलीत जाऊन रोल धुतला. सगळा जळलेला. फक्त गुंडाळीच्या अगदी आतले दोन फोटो वाचले होते, आणि तेही बिनकामाचे. नवा रोल घातला, की फिल्म पुढे सरकवायला पहिली दोन बटणं वायाच घालवावी लागतात. काळेपांढरे ती पायरीवर उभे राहून, समोर जे असेल त्याच्यावर दाबत. समोर इस्त्रीवाला असे. परवाही होता, गाल फुगवून इस्त्रीतले कोळसे फुंकत होता.

काळेपांढरे ते निगेटिव्ह हातात धरून बसले. मग उठले आणि माळ्यावरचे पत्र्याचे डबे खाली काढले. इस्त्रीवाला समोर आल्यापासूनचे तीस वर्षांचे रोल, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी हा माणूस. डावी बाजू रोल घालतानाच्या उजेडानं खाल्लेली, उजवीकडे तो मात्र शाबूत. काळे केस, मग पिकलेले, मग गेलेले. मिशी आली, गेली. टेबलाच्या लंगड्या पायाखालची वीट तेवढी तीच.

गाडीआधी त्यांनी बारा फोटो छापले. बायको एकेक पंख्याखाली वाळवत होती, तेवढ्यात इस्त्रीवाला पिशवी घेऊन दारात उभा.

"म्हणजे तीस वर्षं तू माझे फोटो काढत होतास?"

"नाही रे. रोल सरकवत होतो."

"मला वाटायचं, कॅमेरा बिघडलाय का बघतोस. माहीत असतं, तर केस तरी विंचरले असते."

"मग खरेच वाया गेले असते."

"आणि आजचे?"

काळेपांढऱ्यांनी मान खाली घालून सांगितलं. इस्त्रीवाल्यानं पिशवी खाली ठेवली. "जाऊ दे. आज मी काठी गिळल्यासारखा उभा होतो."

अकरा फोटो पिशवीत गेले. बारावा ओला होता. त्यात इस्त्री केलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी टेबलावर चारएक वर्षांची पोर पाय हलवत बसलेली, पाय धूसर, आणि इस्त्रीवाला काम सोडून तिच्याकडे बघतोय. तो त्या फोटोपुढून हलेचना. "हा वाळला की लगेच पाठव. लेकीला दाखवायचाय," म्हणाला आणि पत्ता लिहून दिला.

फोटो दुसऱ्या दिवशीच वाळला. पाकिटावर पत्ता आहे, तिकीटही लावलंय. पण दर आठवड्याला काळेपांढरे तो वाळवायच्या दोरीवरच्या चिमट्यातून काढतात, खिडकीशी नेऊन बघतात, समोरच्या बंद दुकानाकडे बघतात, "कडा जरा नीट छापून मग पाठवू," असं पुटपुटतात आणि परत अडकवतात.