पाड्यावरून मला का काढले

ईस्टरआधीच्या गेल्या उपवासकाळात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण पाळकांनी, मी पहिल्याच बाकावर बसलेलो असताना, माझेच उदाहरण देऊन उपदेश केला. विषय होता अरण्यातली परीक्षा, नासरेथकरांनी केलेला अव्हेर आणि त्यानंतरची सेवा. मोहांवर मात करून आलेल्या प्रभू येशूला त्याच्याच गावाने, नासरेथने, बाहेर काढले. आमच्या गुरुजींनाही तलासरीकडच्या एका आदिवासी पाड्याने देवाच्या वचनापायी असेच बाहेर काढले, असे ते म्हणाले. बायकांनी भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उठून उभा राहिलो.

"पाळकसाहेब, हे खोटं आहे."

"गुरुजी, तुमची नम्रता आम्हाला ठाऊक आहे, पण..."

"नम्रता माझ्या अंगात कधीच नव्हती. अख्खी मंडळी साक्ष देईल. खोटं आहे म्हणून खोटं म्हणतोय."

मागून कोणीतरी म्हणाले, "बसा हो गुरुजी, घरी मासळी साफ करायची राहिलीय!" हशा पिकला आणि मला बसावे लागले. मात्र हाच उपदेश मंडळीच्या स्मरणिकेत छापला जाणार होता. म्हणून खरे काय घडले ते मला लिहून ठेवणे भाग आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर गुरुवारी डहाणूहून दोन बस बदलून त्या पाड्यावर जात असे. तिथे एकही ख्रिस्ती घर नव्हते आणि मला कोणी बोलावलेही नव्हते. तरी लोक ओटीवर बसवत, पाणी देत. मी त्यांचे अर्ज लिहून देई आणि शेवटी शुभवर्तमानातली एखादी गोष्ट सांगे. ती ते ऐकून घेत. गुरुजींचा एवढा हट्ट पुरवायला त्यांची हरकत नसे.

ज्या घराच्या ओटीवर मी बसे, त्या घरच्या बाईला हिवताप झाला. आरोग्यसेविकेने दिलेल्या गोळ्या तिने कडू म्हणून कोनाड्यात ठेवून दिल्या होत्या. मी हट्टाने, भाताच्या घासाबरोबर, तिला त्या घ्यायला लावल्या, उरलेल्या रोज द्यायला तिच्या नवऱ्याला बजावले आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली. पुढच्या गुरुवारी ती उठून घरकाम करत होती. प्रभूने शिष्याच्या सासूचा ताप घालवला तेव्हा तीही उठून सेवा करू लागली होती, हे मला तत्क्षणी आठवले. न आठवते तर बरे झाले असते. ओटीवर त्या दिवशी माणसे मावत नव्हती. गुरुजींच्या हाताला गुण आहे, असे सगळे म्हणत होते.

गोळ्यांचे मला माहीत होते. मी बोललो नाही.

पाळकांना मी अनेकदा सांगितले आहे की अरण्यात सैतानाने प्रभूला घातलेल्या तीन मोहांपैकी भाकरीचा मोह निवृत्तिवेतन असलेल्याला फारसा छळत नाही. राज्यांचा मोह मंडळीच्या निवडणुकीत दोनदा पडलो तेव्हाच माझ्यापुरता मिटला. मंदिराच्या शिरोभागी उभे राहून लोकांना चमत्कार दाखवण्याचा मोह मात्र सेवकाच्या वाट्याचा आहे, आणि तो गाठायला उंचावर जावे लागत नाही. मला त्याने शेणाने सारवलेल्या ओटीवरच गाठले. लोक शोधत आले तेव्हा प्रभू त्यांच्यापाशी थांबला नाही, पुढच्या गावांना निघून गेला. मी गुरुवारच्या जोडीला सोमवारीही जाऊ लागलो.

गवतकापणीच्या दिवसांत, एका सोमवारी भर दुपारी, त्या बाईच्या नवऱ्याला तिघांनी उचलून आणले. कापलेले गवत कवळताना पायाला घोणस चावली होती. गवताच्या वखारीचा टेंपो शंभर पावलांवर उभा होता. तरी त्यांनी त्याला आधी माझ्यापुढे ठेवले.

"गुरुजी, हात ठेवा."

मी हात ठेवला.

यापुढे कथा तीन झाल्या. पाळक सांगतात की मी क्षणभर प्रार्थना करून त्याला तत्काळ दवाखान्यात धाडले. पाडा सांगतो की मी त्याला तासभर अडवून ठेवले आणि दवाखाना नको म्हणालो. दोन्ही मी फेटाळतो. दवाखाना नको, असे मी कधीही म्हणालो नाही. तास झाला नव्हता. पण प्रार्थना लांबली होती, आणि मीच ती लांबवली होती. मिटल्या डोळ्यांनीही मला जमलेली माणसे दिसत होती. डोळे उघडले तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते. मग टेंपो सुटला. महामार्गावर पोचण्याआधीच त्याने प्राण सोडला.

पुढच्या गुरुवारी पाड्यातली चार म्हातारी माणसे बसथांब्यावरच उभी होती. "गुरुजी, आता नका येऊ," एवढेच त्यांतला एक म्हणाला. नासरेथकरांनी प्रभूला ढकलून द्यायला कड्यापर्यंत नेले होते. मला कोणी बोटही लावले नाही. उलट परतीची बस त्यांनीच हात करून थांबवली. प्रभूने चमत्कार दाखवायला नकार दिला आणि लोक संतापले. मी न केलेला चमत्कार पदरी बाळगला आणि ते फसले. ह्या दोन गोष्टी एका उपदेशात बसवणारा माणूस वचन वाचतो की नुसता चाळतो?

स्मरणिका छापायला जाण्यापूर्वी, इतक्या वर्षांनी, मी त्या बाईकडे गेलो. दोन्ही खोट्या कथा तिच्या तोंडून मोडून घ्यायच्या, हा माझा हेतू. ती ओटीवर नागली पाखडत होती.

"या गुरुजी. लय म्हातारे झालात."

"बाय, एकच सांग. दवाखान्यात नेऊ नका, असं मी म्हणालो होतो?"

"नाय. तसं नाय म्हनलात."

माझी छाती फुगली.

"त्यांनीच इचारलं, गुरुजी, टेंपोत बसू का? तुमचे डोले मिटलेले. तुमी म्हनलात, थांब जरा."

"मी असं म्हणालो नाही."

"म्हनलात ना."

"मला सगळं आठवतं, वारासकट. हे मी म्हणालो नाही."

तिचे सूप थांबले. एखाद्या आजाऱ्याकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले. "बरं. नाय म्हनलात तर नाय म्हनलात. पानी घ्या."

आयुष्यात इतक्या सहज मला कोणी जिंकू दिले नव्हते. पाण्याचा तांब्या तसाच ठेवून मी उठलो.

तिची स्मृती चुकीची आहे, असे मी परतीच्या बसमध्ये स्वतःला तलासरीपासून डहाणूपर्यंत पटवत आलो. घरी आलो, ताट वाढलेले होते. उपकारस्तुतीसाठी मी डोळे मिटले. सुनेने विचारले, "बाबा, डाळ गरम करू का?" आणि मी, डोळे न उघडता, म्हणालो, "थांब जरा."

ती म्हणाली, "नेहमीचंच आहे. एकदा डोळे मिटले की तुम्हाला कोणी काही विचारायचं नाही." मी विचारले, "नेहमी असंच म्हणतो मी?" ती हसली. "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी मी पाळकांना फोन करून ते दोन शब्द स्मरणिकेत घाला म्हणालो.

"गुरुजी, तुम्हालाच आठवत नाही ते कसं छापणार?"

"तिला आठवतं."

"ती आपल्या मंडळीतली नाही."

स्मरणिका निघाली. उपदेश जसाच्या तसा आहे, शेजारी माझा फोटो. आता मी भेटेल त्याला खरे सांगतो. लोक माझा हात दाबतात आणि गुरुजी किती नम्र आहेत म्हणतात. त्या पाड्याने माझा जो न्याय केला तो करायला ह्या मंडळीत कोणी तयार नाही.

गेल्या रविवारी मंडळीतल्या एका जुन्या बाई चर्चच्या फाटकाशी थांबल्या. "गुरुजी, छातीत दुखतंय सकाळपासून. जरा हात ठेवा."

"आधी रिक्षात बसा."

"ठेवा तरी. एका मिनिटाचं काम."

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ओरडून रिक्षा बोलावली. चारचौघांत त्या रडवेल्या झाल्या. "एवढा कसला माज हो तुम्हाला!" असे म्हणत मुलाच्या आधाराने रिक्षात चढल्या.

त्या आता बऱ्या आहेत. माझ्याशी बोलत नाहीत.