तिन्हीकडे चालायला हवं

जगात कशावरही विश्वास न ठेवता इतका आनंदात राहणारा माणूस मी आमच्या साडूभाऊंखेरीज दुसरा पाहिलेला नाही. रोह्याच्या एका कंपनीच्या संगणक विभागातून ते निवृत्त झाले आणि घरी तीन जुने लॅपटॉप मांडून बसले: एक विंडोजचा, एक मॅक, एक लिनक्सवाला. तिघांनीही एकच उत्तर दिल्याशिवाय त्यांच्या लेखी कुठलंच काम झालेलं नसे. हे खूळ पार स्वयंपाकघरात शिरलं. मेव्हणीने आमटी कशी झालीय विचारलं की म्हणायचे, "इथे चांगली हाय. पेणला करून बघितलीस?" शेवटी तिने खरोखरच मसाल्याची बरणी आणून पेणला आमच्याकडे आमटी केली. साडूभाऊंनी दोन घोट घेतले आणि गंभीरपणे म्हणाले, "पाणी बदललं. फरक हाय."

पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि मूर्तीचा फोटो असलेलं लेबल लागतं. ती लेबलं काढायला साडूभाऊंनी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने करायच्या कामांची यादी, लिहून दिली. आमच्या विंडोजवर ती चालावी म्हणून वेगळा प्रोग्रामही बसवला. तिन्ही लॅपटॉपवर दहा-दहा वेळा तपासलं. फक्त तपासताना नावांची आणि फोटोंच्या नंबरांची यादी स्वतःचीच, लिनक्सवर केलेली वापरली. घात तिथे झाला. ट्रक दुपारी येणार, आणि सकाळी सगळी लेबलं फोटोशिवाय निघाली! मी फोन केला. दुसरा कुणी "माझ्याकडे तर चालतंय" म्हणून मोकळा झाला असता. साडूभाऊंना ते वाक्य शिवीसारखं वाटे. तिन्ही लॅपटॉप पिशवीत कोंबून त्यांनी गाडी पकडली.

आल्या आल्या माझी यादी उघडून त्यांनी कपाळावर हात मारला. "विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर चिकटवतो. स्क्रिप्ट चौदा नंबरचा फोटो शोधत नाय, 'चौदा आणि कायतरी' शोधतेय."

"मला तर काहीच दिसत नाही," मी म्हणालो.

"दिसत नाय म्हणून नाय, असं नसतं, साडूभाऊ!"

ते अक्षर पुसणारी ओळ त्यांनी लिहिली. लिनक्सने ऐकली, विंडोजने ऐकली, मॅक अडून बसला. त्याच नावाचा हुकूम त्याला वेगळ्या तऱ्हेने सांगावा लागतो म्हणे. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला. बायको कळवळली, "भावजी, आपल्याकडे मॅक नाहीच, तर त्याला कशाला विचारताय?"

"उद्या काय घ्याल, कुणी सांगावं?" म्हणत त्यांनी तिघांनाही कळेल असा अगदी साधा हुकूम शोधला, आणि मगच लेबलं काढली. ट्रक तासभर उशिरा गेला, पण एकही खोका चुकीच्या घरी पोचला नाही.

यंदा आम्ही नवा संगणक घेतला. स्क्रिप्ट पहिल्याच फटक्यात चालली. मी हौसेने रोह्याला फोन लावला. पलीकडून हळूच, "म्हणजे मी यायला नको."

"तरी या," मी म्हणालो.

आले. संगणकाच्या खोलीत डोकावलेसुद्धा नाहीत. कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता, त्याच्याशेजारी दुपारभर बसून राहिले. निघताना चपला घालत म्हणाले, "पुढच्या वर्षी बिघडलं तर कळवा."

"कळवतो," मी म्हणालो. बिघडणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.