घड्याळात उतरवलेली वाट

घड्याळात नकाशा भरायला मला तीन संध्याकाळी लागल्या. खरं तर काम अर्ध्या तासाचं आहे. पहिल्या दिवशी घड्याळ कॉम्प्युटरला दिसेचना. केबल नुसती चार्जिंगची निघाली. दुसऱ्या दिवशी केबल मिळाली, तर फाइल मावेना. त्या फाइलीत अख्ख्या महाराष्ट्राचे डोंगर होते आणि मला हवं होतं भीमेच्या पलीकडचं दोन-तीन किलोमीटरचं रान. वेबसाइटवर हवा तेवढाच चौकोन निवडता येतो, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी एकच चौकोन उतरवून घेतला, घड्याळातली गाणी पुसून जागा केली, फाइल योग्य फोल्डरमध्ये टाकली, घड्याळ बंद करून चालू केलं. प्रत्येक पायरी वहीत लिहिली होती. झाली की पुढे खूण.

घड्याळ मी डोंगरांसाठी घेतलं होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या आम्ही काही जणी महिन्यातून एकदा एखादा किल्ला चढतो. पाणी, गोळ्या, परतीची गाडी, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. एकदा उतरताना वाट चुकलो, तेव्हा मी ठरवलं की पुढच्या वेळी घड्याळात उंचसखल दाखवणारा नकाशा भरायचा. पण तो पहिल्यांदा भरला तो डोंगरासाठी नाही. अक्कासाठी.

अक्का माझी थोरली बहीण. दौंडहून थोडं वर जाऊन नदी ओलांडली की शिरूर तालुका लागतो, तिथे तिचं शेतातलं घर. भाऊजी गेल्यापासून ती तिथे एकटी राहते. राहत होती, असं लिहायला हवं. डांबरी रस्ता घरापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. मधलं वावर तिच्या चुलत दिराचं. त्या वावराच्या मधोमध गाडीवाट होती. अक्का लग्न होऊन आली ती बैलगाडीतून त्याच वाटेनं. पुढे तिथून ट्रॅक्टर आले, दुधाची गाडी आली. गेल्या दिवाळीनंतर दिरानं वाट नांगरली आणि कांदा लावला. विचारलं तर म्हणाला, "वैनी, माझ्या सातबाऱ्यावर वाट दाखवा, उद्या मोकळी करतो." सातबाऱ्यावर ती नव्हती. गावच्या नकाशातही नव्हती. ती फक्त जमिनीवर होती.

अक्काचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. पण नंतर कित्येक महिने तपासणीला यायचं, तर गाडी दारापर्यंत हवी. बांधावरून चालायचं नाही, एकदा पाय मुरगळला की सगळं वाया. म्हणजे हिशेब सरळ होता. वाट मिळाली तर अक्का ऑपरेशननंतर आपल्या घरी. नाही मिळाली तर आमच्या क्वार्टरमध्ये, आणि तेही कायमचं, कारण घर सोडलं की म्हशी विकाव्या लागणार आणि म्हशी नसल्या की तिथे परत जायला तिला कारण उरणार नव्हतं.

आम्ही तहसीलला अर्ज केला. साहेब स्थळपाहणीला येतील, पुरावा तयार ठेवा, असं सांगण्यात आलं. मी यादी केली. वाटेवर बैलगाडी उभी असलेला जुना फोटो: सापडला, पण गाडीमागे नुसतं आकाश. दूधवाल्याचा जबाब: तो म्हणाला, "मला दोघांकडनं दूध घ्यायचंय, मावशी." शेजाऱ्यांचे जबाब: सगळी भावकी. यादीत खुणेऐवजी फुल्या वाढत गेल्या.

म्हणून त्या तिसऱ्या संध्याकाळी घड्याळाच्या एवढ्याशा पडद्यावर नकाशा उघडला तेव्हा मला बरं वाटलं होतं. आमचा भाग सपाट, त्यामुळे उंचीच्या तपकिरी रेषा अगदी विरळ. निळी भीमा. डांबरी रस्ता. आणि त्या रस्त्यापासून निघून अक्काच्या घराशी टेकलेली एक काळी तुटक रेघ. पायवाटेची खूण. असे नकाशे लोकच घरबसल्या काढतात. कुणीतरी उपग्रहाच्या जुन्या चित्रावर ती वाट पाहून रेघ ओढली असणार. मी लगेच अक्काला फोन केला.

"तुझी वाट नकाशात आहे."

"कुणाच्या?"

"जगाच्या."

"जगाला ठावं हाय आन् हितं शेजारच्याला न्हाई," अक्का म्हणाली. "बरं, म्हसरांचं आटपू दे."

पुढचा बेत मी वहीत मांडला. तुटक रेघेवर घड्याळात मार्ग आखायचा. तो मार्ग धरून स्वतः चालायचं. घड्याळ आपण चाललेली वाट लाल रंगात नोंदवतं. मग नकाशाची रेघ आणि आपली रेघ एकावर एक छापून साहेबांपुढे ठेवायची. सगळं कसं चोख.

रविवारी सकाळी गेले. अक्का काठी घेऊन तयार होती. म्हटलं, तू येऊ नकोस. म्हणाली, "माझी वाट हाय आन् मीच नगं?" मग दोघी निघालो, ती पुढे, मी मागे.

"त्यात टाइम तरी दिसतो का?" तिनं मागे न बघता विचारलं.

"दिसतो की."

"मग सांग, पोचायला किती वाजत्याल. माझ्या चालीनं दुपार व्हायची."

डांबरी रस्त्यापासून थोडं अंतर रान मोकळं होतं. तिथे आम्ही बरोबर रेघेवर होतो. मी मनगट बघत चालले होते. मग कांदा सुरू झाला. नुकताच रुजून उभा राहिलेला, हिरवा, पाणी दिलेला. अक्का काठी टेकत डावीकडे बांधावर वळली. मी तिच्यामागे वळले. घड्याळ मनगटावर थरथरलं. मार्ग सुटला, असं ते सांगत होतं. मी बटण दाबून ते गप्प केलं.

बांध अरुंद. अक्का दोनदा थांबली, एकदा माझा खांदा धरून. पलीकडच्या टोकाला कांदा संपला आणि आम्ही पुन्हा रेघेवर आलो, तेव्हा ते परत थरथरलं. घरी पोचल्यावर मी नोंद जतन केली, चहा घेतला, वहीत खूण केली. दौंडला येऊन ते सगळं छापलं, तीन प्रती. छापताना कागद मी पाहिला होता. लाल रेघ कुठे वळते ते डोळ्यांना दिसत होतं. पण उभ्या पिकाला वळसा घालणं हे आमच्यात इतकं अंगवळणी पडलेलं की तो वळसा मला वळसा वाटलाच नाही. लहानपणी दुसऱ्याच्या वावरात पाय पडला तर आई पाठीत धपाटा घालायची. दोघींनीही तो खाल्लेला होता.

साहेब आले त्या दिवशी बांधावर पंधरा-वीस माणसं जमली. साहेब वयानं लहान, बोलायला नीट. कागद हातात घेऊन त्यांनी शांतपणे पाहिला.

"मॅडम, ही तुटक रेघ कुणाची?"

"नकाशातच आहे ती."

"कुठल्या खात्याचा नकाशा?"

"खात्याचा नाही. लोक मिळून काढतात."

"म्हणजे कुणीही काढू शकतं?"

"हो."

"तुम्हीसुद्धा?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले. "पण ही मी काढलेली नाही."

"आणि ही लाल?"

"ती आम्ही चाललो ती. घड्याळानं नोंदवलेली. तिच्यात पाच-सात फुटांपेक्षा जास्त चूक नसते." हे मी जरा अभिमानानंच सांगितलं.

अक्काचा दीर इतका वेळ दूर उभा होता. तो जवळ आला, चष्मा लावला, कागदावर बोट ठेवलं. बोट डांबरी रस्त्यापासून निघालं, लाल रेघेवरून बांधानं फिरलं आणि अक्काच्या घरावर थांबलं.

"ताई, तुम्ही तर बांधावरनं गेलात की."

"तुमच्या कांद्यात पाय पडू नये म्हणून."

"उपकार झाले. पन पोचलात न्हवं? म्हंजी वाट हाय." तो साहेबांकडे वळला. "ह्यांच्याच मशीननं दावलंय, साहेब. मी काय येगळं म्हनत हुतो?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आता घड्याळाला पंच करा," आणि बांधभर हशा पिकला.

मी सांगायला लागले. बांधावरून गाडी जात नाही, हिचे गुडघे बघा, आम्ही वळलो ते पिकामुळे. साहेब मान हलवत होते. सगळं लिहूनही घेतलं त्यांनी. पण पंचनाम्यात पुरावा म्हणून जोडला गेला तो माझाच कागद, आणि खाली सही माझीच. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, अंतर, सगळं मी नेटकं छापलेलं होतं. निकाल आला त्यात एक वाक्य होतं, की अर्जदारास जाण्यायेण्यास बांधावरून पर्यायी वाट उपलब्ध असून ती अर्जदार प्रत्यक्ष वापरत असल्याचे दिसून येते.

अपिलाची मुदत, लागणारे कागद, वकील, मी नवी यादी करून अक्काकडे गेले. म्हटलं, कांदा निघाल्यावर पुन्हा चालू, या वेळी सरळ.

"कांदा निघाला की तो ऊस लावनार," अक्का म्हणाली. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "तवा मीच वळले. तू न्हाई."

"अगं, मी घड्याळ गप्प केलं."

"घड्याळानं सांगितलं म्हनून मी कांदा तुडवला असता व्हय? न्हाई तुडवला असता. मग कशाला परत चालायचं?"

यादी मी पर्समध्ये ठेवली. अपिलाची मुदत गेली त्या दिवशी मला आठवण होती. मी काही केलं नाही.

म्हशी दोन दिवसांत गेल्या. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि आम्ही घर आवरायला घेतलं. काय न्यायचं ते मी लिहीत होते, आणि अक्का प्रत्येक वस्तूला "राहू दे" म्हणत होती. शेवटी एक लोखंडी पेटी, गादी, डबे आणि जात्याचा वरचा दगड एवढंच निघालं. दगड कशाला, हे मी विचारलं नाही. एवढं सामान बांधावरून टेम्पोपर्यंत कसं न्यायचं, याची मोजदाद चाललेली असतानाच दीर आला. कांदा काढून झाला होता, वावर रिकामं होतं.

"वैनी, टेम्पो आतच आना की. आज रान मोकळं हाय."

अक्कानं हातातला डबा खाली ठेवला.

"एक दिसाचं काय? मानूसकी हाय का न्हाई?" तो म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणत होता. त्यानं स्वतः पेटीला हात लावला. गादी खांद्यावर घेतली. अक्काला टेम्पोत चढवताना तिचं कोपर त्यानंच धरलं. "गुडघ्याचं झालं की फोन करा," म्हणाला. अक्का म्हणाली, "करते." त्याच्या बायकोनं एक पिशवीभर कांदे आणून अक्काच्या पायाशी ठेवले.

टेम्पोवाला परगावचा होता. त्याला ढेकळांत वाट कळेना. अक्का त्याच्या शेजारी बसून सांगत होती, डाव्या अंगानं घ्या, आता सरळ, हितं जरा खड्डा हाय. घड्याळ माझ्या हातात होतं. ते सुरू करून दाखवायचं कुणाला? टेम्पो हेलकावे खात वावराच्या मधोमधून निघाला आणि पाच मिनिटांत डांबरीवर चढला. मी मागच्या बाजूला सामानात बसले होते. दीर आमच्या मागोमाग वावराच्या तोंडापर्यंत आला होता. त्यानं हात वर केला, मीही केला. मग तो वाकला आणि बाजूला सारलेल्या बाभळीच्या काट्या एकेक करून परत आडव्या ओढून घेऊ लागला.