बिहीच्या खणातले जव

बिहीइतका आळशी माणूस आमच्या डोंगरात दुसरा झाला नाही, आणि इतका तोरा मिरवणाराही नाही. त्याचा आजा म्हणे पुण्यपुरुष होता. त्या आज्याच्या नावावर हा नातू जन्मभर लोकांच्या ओट्यावर बसून चहा ढोसत आला.

अगादीरमध्ये, म्हणजे गावाच्या धान्यकोठारात, घराघराचा एकेक खण. बिहीचा खण आमच्या आणि शेजारीण तूदाच्या खणाच्या मधोमध. जव भरायच्या आधी आम्ही बायका माळावर जाऊन कीड लागू नये म्हणून इझ्री कापायचो. दवण्याच्या जातीचं झुडूप, पण कडूजहर. ते सावलीत वाळवायचं, खणाच्या तळाशी अंथरायचं, जवाच्या थराथरात घालायचं. बिहीच्या बायकोने, यामनाने, एकदा विळा उचलला तर हा म्हणाला, “ठेव खाली. दोन्ही बाजूंच्या बाया भरतायत ना? वास काय भिंतीला विचारून येतो?”

आणि चारचौघांत मात्र, “माझ्या जवाला इझ्री लागत नाही. आज्याचा आशीर्वाद आहे!” भोळसट लोक बियाणं घेऊन त्याच्याकडे फुंकर मारून घ्यायला जायचे. त्यात माझा नवराही, बेलाईद. त्या खणाची खरी दशा फक्त यामनाला ठाऊक. बिही तिकडे कधी फिरकायचा नाही. ती बिचारी जवातले सोंडकिडे चाळून काढायची, उरलेलं दळायची आणि तोंड मिटून बसायची.

गेल्या वर्षी किल्ली सांभाळणारा म्हातारा वारला. अगादीरची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्या शब्दावर गाव चालतं. ती बेलाईदला मिळावी म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. दुसरा उमेदवार अर्थात बिही. आमची रीत अशी की किल्ली मागणाऱ्याने आधी स्वतःचा खण गावासमोर उघडायचा. धान्यात कीड निघाली की किल्ली विसरायची.

आमचा खण उघडला. एक सोंडा नाही. मी पदराआड हसले.

मग बिही आला. बाही न सारता ऐटीत कोपरापर्यंत हात जवात खुपसला आणि मूठ वर काढली. मुठीत भुगा आणि फोलपटं, आणि बाहीवरून सोंड्यांची रांग वर चढत होती! इझ्री किडा मारत नाही, हुसकावते. आमच्याकडून आणि तूदाकडून हुसकावलेले सोंडे भिंतीच्या फटींतून जाणार कुठे? जिथे कडू काही नाही तिथे.

बिहीचं तोंड क्षणभर पडलं. मग त्याने तो हात उंच धरला आणि ओरडला, “बघा रे बघा! तुम्हा सगळ्यांची कीड मी माझ्यावर घेतली!”

पंचांतल्या म्हाताऱ्या उबेल्लाच्या डोळ्यांत पाणी आलं. “खरंच की रे पोरा! बेलाईदच्या खणात एक किडा नव्हता.”

“अहो काका, इझ्रीने पळवलेत ते!” मी ओरडले. “ह्याने आयुष्यात एक काडी कापली नाही!”

“बेलाईद, बायकोला आवर,” उबेल्ला म्हणाला.

“गप गं,” बेलाईद मला म्हणाला. आणि पुढे होऊन, माझ्या डोळ्यांदेखत, पंचांपुढे ठेवलेली ती लाकडी किल्ली उचलून त्याने स्वतःच्या हाताने बिहीच्या हातात दिली. वर त्या सोंडे वळवळणाऱ्या हाताचं चुंबन घेतलं. मला शिसारी आली. बिहीची नव्हे, त्याच्याकडून अपेक्षा कधीच नव्हती.

घरी आल्यावर बेलाईदने टोपली काढली. आमच्यासाठी बिहीचं धान्य गेलं, तेव्हा वर्षभर सगळी घरं त्याला जव पुरवणार, असं पंचांनी ठरवलं होतं.

“लाज वाटते का काही?” मी विचारलं.

“अगं, त्यांनी आपली कीड घेतली,” तो म्हणाला आणि टोपली माझ्यापुढे सरकवली. “आणि नीट निवड. इझ्रीचं पान राहायला नको त्यात. त्यांना कडू चालत नाही.”