कादरभाऊ आणि पितळेवरची जबरदस्ती

कादरभाऊ दुरुस्तीला आलेलं ट्रंपेट आधी फुंकून बघत नसत. नळीवर नखाने टिचकी मारत, कान लावत आणि म्हणत, "नाराज आहे." चंद्रपूरच्या परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आत त्यांचं हातभर रुंद दुकान होतं. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत असे आणि ध्वनीवरची जाडजूड पुस्तकं वाचत असे. सातवी नापास माणसाच्या टिचकीला माझ्या पुस्तकांहून जास्त कळावं, हे मला सोसत नव्हतं.

म्हणून एका वर्षी सव्वीस जानेवारीच्या आठवडाभर आधी माझ्या ट्रंपेटच्या दोन नळ्यांना जोडणारा टेका निखळला, तेव्हा मी तो घरीच बसवला. नळ्या फाकल्या होत्या, टेका सूतभर आखूड पडत होता. मी नळ्या तारेने आवळून जवळ आणल्या, कथलाचा डाग दिला, तार काढली. काम देखणं झालं. फक्त वरचा सा फाटू लागला. सलामीच्या सुरावटीत नेमका तोच सूर मला एकट्याला धरायचा होता, जिल्ह्यातल्या यच्चयावत साहेबांसमोर.

तीन दिवस ओठांना दोष दिला. चौथ्या दिवशी दुकान गाठलं.

टिचकी. "काऊन जी मास्तर, कोनं केलं हे?"

"असेल कुणीतरी."

"हात चांगला आहे त्याचा. पन जबरदस्ती केली." त्यांनी टेक्यावर ज्योत धरली. कथील वितळलं आणि नळी आपणहून टुणकन बाजूला सरकली. "पाहा, दोघी एकमेकींले ओढून राह्यल्या होत्या. गातीन कशा?"

नळ्यांना हवं तिथे राहू देऊन त्यांनी सूतभर लांब नवा टेका कापला आणि अलगद डागला.

सव्वीस जानेवारीला सूर लख्ख लागला. पाहुण्यांचं भाषण मात्र सरता सरेना. ते सरल्यावर त्यांनी मला विचारलं, "वाद्य कोण नीट करतं हो?"

"मीच करतो," मी म्हणालो. मग दिसलं, कादरभाऊ दोन पावलांवर उभे होते.

हेडमास्तरांना शंका आली. "काय कादरभाऊ, खरं का?"

"खरं आहे जी. मी त फक्त दिवा धरला."

कादरभाऊंना जाऊन बरीच वर्षं झाली. माझा हेवा काही गेला नाही. त्या दिवसापर्यंत तो निदान त्यांच्या हातांपुरता होता.