पालीच्या अंगावरचे ठिपके

बायको गेली, तिचे दिवस झाले, त्याच्या पुढच्या महिन्यात लेकीनं हैदराबादहून मला एक पाल आणून दिली. भिंतीवरची न्हाई, विकतची. काचेची पेटी, तळाला कागद, एका कोपऱ्यात ऊब देणारी वायरची चटई, पाण्याला वाटी. आत बोटाएवढं पिल्लू, अंगावर काळे-पिवळे पट्टे.

लेक म्हणाली, "अप्पा, घरात काहीतरी जितं पाहिजे."

"मी हाय की."

"तुमाला धरून न्हाई म्हणले मी."

शेजारची अक्का बघायला आली आणि पदर तोंडाला लावून हसली. "अण्णा, आमी पाल दिसली की केरसुणी घेतो. तुमी तिला करंट लावून ऊब द्यायलाव?"

लेक नोकरी सांभाळून अशा पाली वाढवते. मी विचारलं, कामून? तर म्हणाली, रंगासाठी. मग तिनं समजावून सांगितलं. पिल्लू असताना सगळ्याच पट्ट्यापट्ट्यांच्या दिसतात. वाढत गेल्या की पट्टे फुटून ठिपके होतात. साधी असेल तर अंगभर ठिपकेच ठिपके. पण विकणाऱ्यानं ही कमी ठिपक्यांची म्हणून दिली होती. ते खरं की खोटं, हे कळायला वर्षभर लागतं.

"दहाच्या आत राहिले तर खरी. मग मी जोडीसाठी घेऊन जाईन. जास्त निघाले तर साधी, तुमच्याकडंच राहू द्या."

मी व्हय म्हणालो. जनावराच्या बाजारात एकदा व्हय म्हटलं की फिरता येत न्हाई.

आठवड्याभरातच पाल राखेसारखी पांढरी पडली. पट्टे दिसेनात. मला वाटलं, वर्ष कशाला, खरी निघाली, सुटलो. लेकीला फोन करायचा म्हणून सकाळी उठलो, तर पट्टे पहिल्यापेक्षा ठळक. कात टाकली होती आणि ती कात स्वतःच खाल्ली होती. कागदावर एक तुकडा ठेवला न्हाई. एवढं स्वच्छ काम मी आमच्या गावात कुणाचं बघितलं न्हाई.

तसं रंग ओळखणं मला नवं नव्हतं. आमच्या ठाणाकुशनूरकडं देवणी जातीची जनावरं. पांढरं वासरू मोठं होता होता काळे डाग वर येतात. कोणतं वानेरा होणार, म्हणजे अंग पांढरं आणि तोंड काळं, आणि कोणतं शेवरा होणार, म्हणजे अंगभर डागांचं, हे वासराकडं बघून सांगणारा म्हणून लोक मला बोलवायचे. खरं म्हणजे ओळखायची बायको. वासराच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतायची. केस चिकटले की खालच्या कातडीचा रंग दिसायचा. मग मी बाहेर येऊन मिशीवर हात फिरवत निकाल सांगायचो. तिनं हे कधी कुणाला सांगितलं न्हाई. मला मात्र रोज सांगायची.

तिसऱ्या महिन्यात मी पालीवर पाणी ओतलं. चमचाभरच. तिनं जिभेनं स्वतःचा डोळा पुसला, माझ्याकडं बघितलं आणि तळाच्या कागदाखाली जाऊन बसली ती दोन दिवस बाहेर आली न्हाई. फोनवर लेक ओरडली, "अप्पा, ती कोरड्या रानातली हाय, देवणीचं वासरू न्हाई!" चूक केली की या घरात दोघीजणी ओरडायच्या. आता एकीवर भागवावं लागतं.

पुढं पालीची सवय लागली. जन्मभर तुरीवरच्या अळ्या मारल्या, आता डब्यात कोंडा घालून तिच्यासाठी अळ्या पाळायलोय. शेतातल्या द्यायच्या न्हाईत, फवारलेल्या असतात. दिवस मावळला की ती काचेशी येऊन उभी राहते आणि माझं जेवण बघते. बायकोही तशीच बघायची, भाकरी किती खाल्ली ते. ही मोजत न्हाई एवढाच फरक.

मोजायला लागलो मी. पट्टे फुटत चालले होते. बाजारात उभा जन्म बिनडागी वासराच्या मागं घालवला, आणि म्हातारपणी एकेक डाग दिसला की बरं वाटायलं. दर रविवारी लेकीचा फोन यायचा. दहा महिने झाल्यावर मी छाती काढून सांगितलं, "चौदा. साधी हाय तुझी पाल."

"डोक्यावरचे धरले का?"

"डोकं अंगातच येतंय की."

"न्हाई अप्पा. मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंतच. डोकं, शेपटी सोडून मोजा."

मोजले. नऊ. चष्मा पुसून मोजले, नऊ. चष्मा काढून मोजले तर आठ.

फोन परत कानाला लावला. "मला काई नीट दिसंना. तूच येऊन मोज."

पुढच्या रविवारी ती बसनं आली. सोबत भोकं पाडलेला डबा. पाल तळहातावर घेऊन दारात उजेडाला बसली.

"नऊच हायत अप्पा."

"व्हय. नऊ."

"म्हंजी तुमाला ठावं होतं?"

"डोळे अधू झालेत, हिशेब न्हाई."

"मग मला कामून बोलावलाव?"

मी म्हणालो, "खरी निघाली. घेऊन जा. बोली झालेली हाय."

तिनं पालीकडं बघितलं, अळ्यांच्या डब्याकडं बघितलं, चुलीपाशी एकच ताट पालथं होतं तिकडं बघितलं. मग म्हणाली, "आता थंडी हाय. बसमधी गारठून जाईल. थंडी सरली की नेते."

दुपारचे बारा वाजले होते. मी उघड्या अंगानं बसलो होतो.

"व्हय," मी म्हणालो, "थंडी लईच हाय."

ती रिकामा डबा घेऊन गेली. थंडी सरली. आता ऊन लई हाय म्हणते. मोजायला मात्र दर महिन्याला येते. नऊच निघतात.