बाईंनी मोडलेलं स्थळ

दरवर्षी बाईंच्या फोटोला हार घालतात आणि कोणीतरी वक्ता सांगतो की बाईंनी जंगलातल्या बायांना जागं केलं. जुना घरमालक म्हणून मला पहिल्या रांगेत बसवतात. जागं कोणाकोणाला केलं ते मला माहीत नाही. माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न त्यांनी मोडलं, हे मात्र पक्कं माहीत आहे, आणि ते एकाही भाषणात येत नाही.

सायकलला लुगड्यांचं गाठोडं बांधून मी आठवडी बाजार केले आणि त्यातून इतवारीत दुकान उभं केलं. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. भांडवल म्हणाल तर जीभ. एकोणीसशे सत्तरच्या आसपास दुकानावरची खोली बाईंना दिली. धरमपेठेतल्या वकिलाची मुलगी, लग्नाला नकार देऊन घराबाहेर पडलेली. मी भाडं सांगितलं, त्या 'बरं' म्हणाल्या. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून संशय येतो.

बाई रामटेकच्या पुढे गोंड गावांत फिरत. नवरा मेला की दीर-पुतणे विधवेचं वावर बळकावत. अशा बायांना घेऊन त्या तहसील कचेरीत ठाण मांडून बसत. काम चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या बायांचा मुक्काम माझ्या गॅलरीत, आणि त्यांचे अर्ज लिहायला माझी मॅट्रिक झालेली पोरगी.

एकदा बाई तिकडच्या आठवडी बाजारात भाषणाला उभ्या राहिल्या. दुकान झालं तरी मी बाजार सोडले नव्हते, शेजारीच माझी लुगडी मांडलेली होती. शहरात त्या हुंड्याविरुद्ध बोलायच्या. गोंडांत उलटं, मुलाचा बाप मुलीच्या बापाला देतो. हे कळल्यावर बाई तावातावाने म्हणाल्या, "मुलींची ही विक्री थांबलीच पाहिजे!"

मग एक म्हातारी उठली. तिच्या वावरासाठीच बाई वर्षभर भांडत होत्या.

"काहून वं बाई, तुले कोणी न्यावं म्हणून तुह्या बापानं वरून पैसे काढले होते ना? मंग स्वस्त कोण? तू का आमची पोर?"

लोक खदाखदा हसले. बाई लाल झाल्या. पण त्यांचं एक होतं, चूक कळली की तिथेच बसायच्या. त्या म्हातारीजवळ मातीत बसल्या आणि सगळं विचारून घेतलं. लमझन्याचं तेव्हाच कळलं. देण्याची ऐपत नसलेला पोरगा मुलीच्या घरी राहून तिच्या बापाच्या वावरात राबतो, आणि काम पसंत पडलं तर लग्न लागतं. घरी येऊन बाईंनी हे माझ्या मुलीला रंगवून सांगितलं.

त्यानंतर स्थळ आलं. मुलगा बँकेत कारकून, दिसायला बरा. बापाला सोनं हवं, भांडी हवी, वर स्कूटर. बैठक माझ्याच घरी. सकाळीच मी बाईंना बजावलं, "आज खाली उतरायचं नाही." त्या म्हणाल्या, "नाही उतरणार."

सोन्यावर मी त्यांना खाली आणलं, भांड्यांवर आणलं. स्कूटरवर गाडी अडली. मी संतापून उठलो, चपला घातल्या, घर आपलंच आहे हे आठवलं आणि परत बसलो. शेवटी मुलाचा बाप म्हणाला, "राहू द्या जी स्कूटर." आयुष्यात इतका चांगला सौदा मी केला नव्हता.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. कचेरीच्या तारखेसाठी आलेली तीच म्हातारी पायरीवर बसून ऐकत होती.

"पोट्टा तुह्या दुकानात किती सालं राबन गा?"

"तो बँकेत आहे, म्हातारे. गप बस!"

"थे कमाई त्याच्या बापाची झाली. तुह्यं काय?"

मुलाच्या बापाने विचारलं, "ही कोण?" मी सांगणार तोच आतून चहा घेऊन आलेली माझी मुलगी हसली. ट्रे खाली ठेवून तिने थेट मुलाला विचारलं, "खरंच, दिवाळीच्या गर्दीत गाठोडी उचलाल का तुम्ही?"

मुलाने उत्तरासाठी बापाकडे पाहिलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "मले नाही करायचं हे लग्न."

चहा तसाच राहिला. ते गेल्यावर मी जिन्याखालून ओरडलो, "बाई, खोली खाली करा!"

"मी तर उतरलेही नाही," वरून उत्तर आलं.

"बाई गेल्या तर मीही जाईन," मुलगी म्हणाली. "तशीही जाणारच आहे. तिकडं बायांले शिकवाचं आहे मले."

"बाई राहतील इथंच. तू रविवारी जात जाय."

"नाही."

"दोन महिने जाय. दिवाळीले परत ये."

"नाही, बाबा."

मी भांडलो, रुसलो, खाली खाली येत गेलो. ती जिथे होती तिथेच. समोर माझंच रक्त होतं, दुसरं काय होणार? रामटेकपुढच्या देवलापारला जाणाऱ्या एसटीच्या टपावर तिची पेटी मीच चढवली. पेटीचं वेगळं तिकीट मागणाऱ्या कंडक्टरशी गाडी सुटेपर्यंत भांडलो, आणि त्या भांडणात तिच्याशी बोलायचं राहूनच गेलं.